शिष्यवृत्तीचा अर्ज कोणता भरावा?
सरहद्दीवरील पालकांशी चार शब्द

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की आपल्या नायगावात पहिले चार दिवस पेढ्यांचे असतात आणि पाचव्या दिवसापासून कागदांची धावपळ सुरू होते. त्या धावपळीत एकच प्रश्न शंभर तोंडांनी विचारला जातो: “सर, आमच्या मुलीचा कोणता फॉर्म भरायचा?” हा प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी शिक्षकाला उलट तीन प्रश्न विचारावे लागतात. मुलीचा जन्म कोठे झाला? दहावी कोणत्या मंडळाची? आणि १९६७ साली तिचे आजोबा कोणत्या गावी राहत होते? पालक चकित होतात. शिक्षण मुलीचे, मग चौकशी आजोबांची कशाला? आज मी बोलणार आहे ते याच ‘कशाला’विषयी.

आपण सरहद्दीवरची माणसे आहोत. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपले गाव. मांजरा ओलांडली की पलीकडे बोधन. पूर्वी हा सर्व मुलूख हैदराबाद संस्थानात एकत्र नांदत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जिल्ह्याचेही तुकडे पडले. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे, तसेच मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेली. आज ती तेलंगणात आहेत. उलट आदिलाबादचा किनवट तालुका इकडे आला. बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके मराठवाड्याला मिळाले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर त्यात गेले. नकाशावर रेघ ओढली गेली, पण सोयरिकी काही तोडल्या गेल्या नाहीत. आजही आपल्या घरात सून बोधनची येते, मुलगी बिदरला दिली जाते, पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि शाळा जवळ म्हणून एखादे लेकरू मामाकडे शिकायला राहते. नात्याच्या दृष्टीने हे सर्व एकच गाव आहे. शिष्यवृत्तीच्या दृष्टीने मात्र ती तीन राज्ये आहेत. एवढे ध्यानात आले तर निम्मे काम झाले असे समजा.

तीन वेगळ्या गोष्टी

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो नागरिकत्व, अधिवास आणि जात या तीन गोष्टी एकच मानल्याने. नागरिकत्व हे देशाचे असते. नायगावचा, बोधनचा आणि बिदरचा मुलगा नागरिकत्वाने अगदी समान. अधिवास म्हणजे कायमचे राहणे, आणि येथे तो राज्याचा पाहिला जातो. जातीचा प्रवर्ग तर राज्याच्या यादीवर ठरतो, आणि प्रत्येक राज्याची यादी वेगळी.

तहसीलमधून मिळणाऱ्या दाखल्याचे पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ असे आहे. यातील ‘राष्ट्रीयत्व’ हा शब्द वाचून काही पालक दचकतात. २०१९ च्या अखेरीस कागदपत्रांविषयी देशभर जी चर्चा झाली, तिची धास्ती काही घरांतून अजून गेलेली नाही. कोणी म्हणते, अर्ज केला आणि एखादा कागद कमी पडला, तर नसते झेंगट मागे लागेल. त्यांना मी स्पष्ट सांगू इच्छितो की हा दाखला प्रवेशासाठी आणि सवलतींसाठी लागणारा नेहमीचा दाखला आहे. प्रत्येक धर्माचा, प्रत्येक जातीचा विद्यार्थी तो काढतो. भीतीपोटी तो न काढणे म्हणजे लेकराच्या हक्काच्या पैशावर आपण होऊन पाणी सोडणे होय.

अधिवासाचा प्रश्न

या दाखल्यासाठी सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आता आपल्याकडील अडचण पाहा. समजा, मुलीचा जन्म आजोळी बोधनला झाला. तिचा जन्मदाखला तेलंगणातला. वडील मात्र पिढ्यान् पिढ्या नायगावचे, मुलीची दहावी-बारावीही येथलीच. अशा मुलीने मुळीच घाबरू नये. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या अभ्यासक्रमांच्या राज्याच्या प्रवेश प्रक्रियेत ‘ए’ प्रकारासाठी दहावी व बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, आणि त्याशिवाय विद्यार्थी महाराष्ट्रात जन्मलेला तरी असावा किंवा त्याचा अधिवास तरी महाराष्ट्राचा असावा. जन्म बाहेर झाला असेल तर अधिवासाचा दाखला हाच तिचा आधार. म्हणून ज्यांचे बाळंतपण पलीकडे झाले, त्यांनी हा दाखला दहावीतच काढून ठेवावा.

आता दुसरे उदाहरण. मुलगा नायगावचा, परंतु दहावी मामाकडे राहून तेलंगणाच्या मंडळातून झाला. तो ‘ए’ प्रकारात बसत नाही. पण वडिलांचा किंवा आईचा अधिवास महाराष्ट्राचा असेल, तर ‘बी’ प्रकारातून त्याला अर्ज करता येतो. येथे दाखला लागतो तो आई-वडिलांचा. पुष्कळ पालक मुलाचाच दाखला घेऊन येतात, स्वतःचा काढलेलाच नसतो, आणि मुदत टळते.

कर्नाटक सीमेवरील वादग्रस्त भागातील विद्यार्थ्यांसाठी ‘ई’ नावाचा एक प्रकार आहे. बिदरकडच्या काही पाहुण्यांना तो आपल्यासाठीच आहे असे वाटते. परंतु त्यासाठी गाव त्या भागातील असून चालत नाही, विद्यार्थ्याची मातृभाषाही मराठी असावी लागते. ज्यांच्या कागदोपत्री मातृभाषा उर्दू आहे, त्यांनी या प्रकारावर भिस्त ठेवू नये.

जातीचा दाखला नदी ओलांडत नाही

तिसरी गोष्ट जातीची, आणि खरी गफलत येथेच होते. २००७ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने मागास मुस्लिम गटांसाठी चार टक्के आरक्षणाचा कायदा केला. त्या प्रवर्गाला ‘बीसी-ई’ म्हणतात आणि तेलंगणात तो आजही चालू आहे. त्या यादीत शेख आहेत; सय्यद आणि पठाण वगळलेले आहेत. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत मात्र ‘शेख’ या नावाने कोणी बसत नाही. येथे व्यवसायावरून ओळखल्या जाणाऱ्या बिरादऱ्या आहेत: मोमीन-अन्सारी, पिंजारी-मन्सुरी, तांबोळी, बागवान, अत्तार, मण्यार, कसाई-कुरेशी, फकीर इत्यादी. छप्परबंद हे तर विमुक्त जातींत मोडतात. यांपैकी अनेक बिरादऱ्यांना १९९४ च्या शासन निर्णयाने मार्ग मोकळा झाला. त्यामागे जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी चालविलेली मुस्लिम ओबीसी चळवळ होती, आणि अभिनेते दिलीपकुमार यांनी गावोगावच्या सभांतून तिला साथ दिली होती, हे आजच्या मुलांना सांगितले पाहिजे.

तात्पर्य असे की, एकाच आजोबांचे दोन नातू, दोघेही शेख; एक बोधनला मागासवर्गीय आणि दुसरा नायगावला खुल्या गटात. हे ऐकून सभेत हशा पिकतो. पण ज्या घरात बोधनच्या मामेभावाचा दाखला पाहून नायगावच्या मुलाने ‘ओबीसी’ असे भरलेले असते, तेथे अर्ज परत आल्यावर कोणी हसत नाही.

बोधनहून लग्न होऊन आलेल्या मुलीने शिक्षण पुढे चालू ठेवले, तर तिलाही हे समजले पाहिजे. विवाह नोंदणीचा दाखला आणि पतीच्या रहिवासाचे पुरावे यांच्या आधारे तिला अधिवास मिळविता येतो. परंतु जात ही वडिलांकडून येते, सासरकडून येत नाही. त्यामुळे माहेरचा ‘बीसी-ई’ दाखला येथे उपयोगी पडत नाही.

हा नियम कोणा एका समाजासाठी केलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव या विद्यार्थ्याच्या प्रकरणात हाच निर्णय दिला. तो आंध्र प्रदेशातील अनुसूचित जमातीचा. वडील नोकरीनिमित्त मुंबईस आलेले. त्याने मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश मागितला. न्यायालयाने सांगितले की, एका राज्यात मागास ठरलेला मनुष्य दुसऱ्या राज्यात गेला म्हणून तेथे आपोआप मागास ठरत नाही, कारण मागासपण हे त्या त्या ठिकाणच्या परिस्थितीवरून ठरविलेले असते.

महाराष्ट्रात यासाठी मानीव दिनांक ठरलेले आहेत. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. त्या दिवशी किंवा त्यापूर्वी आपले पूर्वज आजच्या महाराष्ट्रात राहत होते, हे दाखवावे लागते. आजोबांची चौकशी होते ती एवढ्यासाठी. आजोबा १९६० साली भैंशाहून येऊन नायगावी स्थायिक झाले असतील तर मुलगा १९६७ च्या अटीत बसतो. वडील १९८० साली आले असतील तर बसत नाही. विशेष म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या दहा टक्के आरक्षणाला राज्याने २०१९ साली जे नियम केले, त्यांतही १३ ऑक्टोबर १९६७ च्या रहिवासाचीच अट आहे. म्हणजे खुल्या गटातील शेख, सय्यद, पठाण यांनाही आजोबांचा कागद सुटत नाही.

मग अर्ज कोणता?

एवढी पूर्वतयारी झाली की निवड अवघड राहत नाही. ‘महाडीबीटी’ या शासनाच्या संकेतस्थळावर विद्यार्थी स्वतःची जी माहिती भरतो, तिच्यावरूनच पात्र योजनांची यादी पुढे येते. माहिती चुकली की यादीच चुकते. म्हणून माहिती भरण्यापूर्वी आपण कोणत्या घरात बसतो ते कागदावर लिहून काढावे.

पहिले घर: बिरादरी महाराष्ट्राच्या यादीत आहे आणि १९६७ पूर्वीचा पुरावाही आहे. अशा विद्यार्थ्याने इतर मागासवर्गाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्तीचा अर्ज प्रथम पाहावा. छप्परबंदांसाठी विमुक्त जातींची स्वतंत्र योजना आहे. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश असल्यास पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र, ही त्रयी जमवावी. पडताळणीला वेळ लागतो; ते काम अकरावीतच हाती घ्यावे.

दुसरे घर: कुटुंब जुने महाराष्ट्रातले, पण बिरादरी यादीत नाही. यांच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, ‘राज्य अल्पसंख्याक शिष्यवृत्ती भाग दोन’. आणि दुसरी, ‘राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती’. दोहोंसाठी महाराष्ट्राचा अधिवास लागतो आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीची संख्या ठरलेली असल्याने गुणानुक्रम पाहिला जातो, तर शाहू महाराज योजनेत व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शुल्काचा मोठा भार हलका होतो, मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. एका अभ्यासक्रमासाठी सामान्यतः एकच शिष्यवृत्ती मिळते; म्हणून कोणत्या योजनेत किती शुल्क सुटते याचा हिशेब महाविद्यालयाच्या कार्यालयात बसून करावा आणि मगच अर्ज कायम करावा.

मुलींच्या पालकांनी येथे कान द्यावेत. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील, आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः शासन भरते. म्हणजे खुल्या गटातील आपल्या मुलीकडे दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र असणे आणि नसणे यांत शंभर टक्के शुल्काचा फरक पडू शकतो. “खर्च झेपत नाही” म्हणून जिचे नाव काढायला आपण निघालो, तिचे शुल्क भरायला शासन तयार आहे आणि आपला एक कागद तेवढा कमी पडला आहे, असे किती घरांत घडत असेल याचा विचार करा.

तिसरे घर: कुटुंब १९६७ नंतर पलीकडून आलेले, पण आता येथे स्थायिक. यांना जातीच्या व दुर्बल घटकाच्या वाटेने जाता येत नाही. परंतु अधिवास मिळविता येतो, आणि अधिवास मिळाला की अल्पसंख्याक शिष्यवृत्ती व शाहू महाराज योजना यांचे दार उघडते. या घरातले लोक सर्वांत लवकर निराश होतात. “आपण बाहेरचे, आपल्याला काही नाही” असे ते धरून चालतात. हे खरे नाही.

चौथे घर: कुटुंब तेलंगणातच राहते, मुलगा फक्त शिक्षणासाठी नांदेडला आला आहे. त्याने महाराष्ट्राच्या योजनांमागे वेळ घालवू नये. आपल्या राज्याच्या योजना बाहेरच्या शिक्षणाला लागू होतात की नाहीत, ते तेथील खात्यात आधी विचारावे.

या चारही घरांना समान असा एक अर्ज आहे. केंद्र शासनाची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती. तेथे जातीची अट नाही. ज्या मंडळातून बारावी केली, त्या मंडळाच्या आपल्या शाखेत वरच्या वीस टक्के विद्यार्थ्यांत येणे आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असणे, ही मुख्य अट. निम्म्या जागा मुलींसाठी असतात. नदीच्या कोणत्याही काठावरच्या हुशार विद्यार्थ्याने हा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अवश्य पाहावा.

दोन गोष्टींवर मात्र विसंबू नये. केंद्राच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर आणि गुणवत्ता-नि-साधन शिष्यवृत्त्या २००७-०८ पासून सुरू झाल्या होत्या. त्यांना २०२१-२२ पर्यंतच मंजुरी होती आणि पुढे ती मिळाली नाही. तसेच २०१४ साली राज्याने मुस्लिमांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला होता; त्याचा कायदा न झाल्याने तो संपला. त्या वेळी काढलेले दाखले काही घरांत जपून ठेवलेले आहेत. ते आता प्रवेशास उपयोगी नाहीत.

जगाची रीत

हे केवळ आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांनाही हाच प्रश्न पडतो. तेथे केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज नागरिक आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेले विद्यार्थी यांच्यासाठी आहे. आई किंवा वडील नोकरीच्या व्हिसावर आणि मूल त्यांच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल, तर त्याला तो अर्ज चालत नाही, मग ते तेथल्या शाळेत दहा वर्षे शिकलेले का असेना. कॅलिफोर्निया राज्याने २०११ च्या कायद्याने वास्तव्याची कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा अर्ज ठेवला. तेथील शाळांत ठरावीक वर्षे शिकलेल्यांना तो भरता येतो. तेथेही शिक्षक प्रथम हेच सांगतात: अर्ज उचलण्यापूर्वी आपली कायदेशीर स्थिती नीट ओळखा.

आपले कर्तव्य

यावर काही तरुण मला विचारतात, “सर, नदीने माणसाचे मागासपण ठरावे, हा न्याय आहे का?” प्रश्न रास्त आहे. १९५६ ची रेघ आपल्या आजोबांना विचारून ओढलेली नव्हती. नियम बदलावा असे ज्यांना वाटते त्यांनी निवेदने द्यावीत, लोकप्रतिनिधींना भेटावे. तो आपला हक्क आहे. परंतु नियम बदलेपर्यंत मुलगी थांबू शकत नाही. तिचे वय थांबत नाही आणि प्रवेशाची मुदतही थांबत नाही.

मात्र चुलत्याचा दाखला लावणे, बिरादरी बदलून घेणे असल्या आडवाटेला कोणी जाऊ नये. जात प्रमाणपत्राच्या २००० सालच्या अधिनियमाप्रमाणे खोट्या दाखल्यावर घेतलेला लाभ परत जातो, पदवीही जाऊ शकते, आणि सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. शिवाय त्या एका खोट्या दाखल्यामुळे खऱ्या गरजूंकडेही संशयाने पाहिले जाते.

आता पालकांनी काय करावे? घरातील जुनी ट्रंक उघडावी. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, १९५४-५५ ची खासरा पाहणी, जुने खरेदीखत, जन्म-मृत्यूची नोंद, यांपैकी जे सापडेल ते एका पिशवीत ठेवावे. निजामकाळातील नोंदी उर्दूत आहेत. ज्या घरात उर्दू वाचणारे आजोबा-आजी आहेत, त्यांनी ते कागद आजच वाचून घ्यावेत. हे ज्ञान उद्या विकत मिळणार नाही. नावात ‘शेख अहमद’ आणि ‘अहमद शेख’ असा फरक असेल तर तो आधार, गुणपत्रिका व बँक खाते या तिन्ही ठिकाणी वेळीच एक करून घ्यावा. आणि लेकरू पहिलीत घालताना जातीच्या रकान्यात नुसते ‘मुस्लिम’ लिहून घरी जाऊ नये. बिरादरी असेल तर पुराव्यासह ती नोंदवावी. शाळेत असेपर्यंत दुरुस्ती होऊ शकते, शाळा सुटल्यावर ती फार कठीण जाते.

आम्हा शिक्षकांचेही काही देणे आहे. नववीच्या वर्गातच प्रत्येक मुलाचे ‘घर’ कोणते याची नोंद आम्ही केली, तर बारावीनंतरची पळापळ थांबेल. आपल्या संस्थेने जून-जुलैत एक मदत-टेबल लावावे आणि त्यावर एक शिक्षक व एक उर्दू जाणणारा बुजुर्ग बसवावा, अशी माझी विनंती आहे. त्यास फारसा खर्च नाही.

मित्रांनो, गुण तुमचे आहेत, ते कोणी हिरावून घेणार नाही. पण गुणांना महाविद्यालयापर्यंत नेणारी गाडी कागदाची आहे, आणि ती कोणत्या फलाटावर लागते हे आधी विचारून घ्यावे लागते. विचारण्यात कमीपणा नाही.